सदतिसावा लबाड

३ जुलै

ती. वहिनी,

नमस्कार करते आणि आधीच कान धरते, कारण दोन महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. मोबाइलवर लिहू नकोस म्हणालात, घरात फोन एक आणि वाचणारे दोन, त्यातला एक मोठ्याने वाचतो. म्हणून हे पाकीट. खरं तर मला पत्र लिहायला आवडतं, फक्त टपालपेटीपर्यंत जायचा आळस नडतो.

बातमी अशी की गणिताचे माझे धडे आणि सरावाची पानं आमच्या शिक्षकांच्या गटाने इंटरनेटवरच्या मोफत संग्रहात ठेवली. कोणीही उघडावं, छापावं, हवं तर बदलावं, पुढे द्यावं. काल मोजलं तर चारशे बारा शाळांनी उतरवून घेतली होती. दर शनिवारी दुपारी मी कुठल्या तरी शाळेत जाऊन प्रोजेक्टर लावते आणि तिथल्या शिक्षकांना दाखवते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, फुकट देता, मग ह्यात तुमचं काय?" मागच्या शनिवारी चित्रकलेचे एक सर उठून म्हणाले, "माझं गणित कच्चं आहे, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीत काहीतरी गोम असते एवढं मला कळतं." सगळे हसले. मग सगळ्यांच्या आधी त्यांनीच स्वतःच्या मुलीसाठी पानं मागून घेतली.

ऑक्टोबरच्या शेवटी शिक्षकांचं मोठं संमेलन आहे. अपूर्णांक कसे शिकवावेत ह्यावर मला बोलायला सांगितलंय. वीस मिनिटं, वहिनी! मला घरात सलग दोन मिनिटं कोणी बोलू देत नाही.

तुमच्या शाळेतही सांगाल का? आधी तुम्ही उघडून बघा. काही ओळखीचं दिसलं तर रागवू नका. दादाला फोन केला होता, तो फार खूश आहे.

तुमची,
चिमणी


११ जुलै

चि. चिमणी,

चारशे बारा शाळांना वाटून उरतील एवढे आशीर्वाद.

तुझा दादा खूश आहे म्हणतेस. खूश कसला, तरंगतोय. जेवायला बसला की फोन पाण्याच्या तांब्याला टेकवतो आणि तुझा धडा लावतो. परवा मी वाढत होते तर मला म्हणाला, "बघ, अपूर्णांक किती सोपे करून सांगते!" एकोणतीस वर्षं मी ह्याच स्वयंपाकघरातून डबा भरून अपूर्णांक शिकवायला जाते. तुझ्या वर्गात आज काय झालं, असं ह्या माणसाने एकदाही विचारलेलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनीही परवा तुझंच पुराण लावलं. माझं तोंड उघडं, त्यात त्यांचा आरसा. हूं हूं करण्यापलीकडे मला काही करता येईना.

तुझं कौतुक आहेच. पण पडद्यावर शिकवणं सोपं गं. शेवटच्या बाकावर कोण चुळबुळ करतंय ते तिथून दिसत नाही. आणि लोकांचं काय घेऊन बसलीस, फुकट ते पौष्टिक.

तुझे धडे अजून उघडले नाहीत. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांनी वापरावेत अशी सूचना काढली आहे, तेव्हा माझ्या सांगण्याची गरज नाही. वेळ मिळाला की बघीन.

तुझी वहिनी


२२ जुलै

ती. वहिनी,

दातांच्या डॉक्टरांचं वाचून इतकी हसले की स्टाफरूममधल्या सगळ्यांना वाचून दाखवावं लागलं. तुमच्यासारखं लिहिणं मला जमत नाही.

एक विचारायचं आहे. शिक्षणशास्त्राला होते तेव्हा एकदा तुमचा डबा द्यायला मी शाळेत आले होते. तुमच्या वर्गाबाहेर उभी राहिले. आत मुलं पानं सोडवत होती, एकदम शांत, आणि मग कोणीतरी ओरडलं, "सापडला!" मग दुसरीकडून, मग सगळाच वर्ग. गणिताच्या तासाला मी असा गोंधळ कधी ऐकला नव्हता. आत यायचं धैर्य झालं नाही. डबा शिपाईकाकांकडे देऊन निघून गेले.

माझ्या वर्गात मुलं पानं नीट सोडवतात. मान खाली, उत्तर बरोबर, पान बंद. तसा गोंधळ बारा वर्षांत एकदाही झाला नाही. काय करत होता तुम्ही? संमेलनात बोलायला उभी राहण्याआधी मला ते माहीत हवं असं वाटतं.

चिमणी


४ ऑगस्ट, रविवार
(हे पत्र पेटीत टाकलं नाही.)

चिमणे,

शुक्रवारी मधल्या सुट्टीत आमची नवी विज्ञानाची बाई धावत आली. झेरॉक्समधून नुकतेच निघालेले कागद, अजून गरम. "मॅडम, बघा ना किती छान आहेत, आणि फुकट!" मी चष्मा लावला. पहिलं उदाहरण वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्याला मी खुर्चीत बसले. शिंप्याच्या कापडाचं उदाहरण माझं. गळक्या टाकीचं माझं. तीन बहिणींच्या एका रिबिनीचं माझं. नोकरी लागली म्हणून बारा वर्षांपूर्वी मी तुला सुतळीने बांधून दिलेला छत्तीस पानांचा गठ्ठा. आणि खाली नाव तुझं, फक्त तुझं. वर मला लिहितेस, ओळखीचं दिसलं तर रागवू नका! आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते आता कळलं.

त्याहून वाईट म्हणजे त्यात माझे लबाड नाहीत.

लबाड म्हणजे काय ते तुला ठाऊकच नाही. माझ्या प्रत्येक पानावर सरावाच्या गणितांआधी दहा सोडवलेली उदाहरणं असतात, त्यातलं एक मी मुद्दाम चुकवलेलं असतं. मुलं जशी चुकतात तसंच. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असं. पानावर त्याबद्दल काही लिहिलेलं नसतं. वर्षाच्या पहिल्या दिवशी वर्गाचं दार लावून घेते आणि तोंडी सांगते, "ह्या प्रत्येक पानावर एक लबाड बसलाय, त्याला पकडायचा." मग पोरं छापलेलं म्हणून काही मुकाट्याने मानत नाहीत, ओळ न् ओळ तपासतात. तू दाराबाहेर ऐकलास तो गोंधळ हा.

तुला गठ्ठा दिला, पण हे नाही सांगितलं. का, ते आज स्वतःशी तरी लिहून टाकते. त्या दिवशी बाबांनी गल्लीभर सांगितलं, "माझी मुलगी गणिताची शिक्षिका झाली." मी त्याच घरात सतरा वर्षं गणिताची शिक्षिका होते. माझ्याबद्दल ते लोकांना एवढंच सांगायचे की सूनबाई कामावर जाते. माझा जळफळाट झाला. हसत हसत सुतळीची गाठ मारली आणि लबाडांची गोष्ट पोटात ठेवली. वय वाढलं की हे कमी होईल असं वाटलं होतं. नाही होत.


५ ऑगस्ट

चि. चिमणी,

तुझी पानं पाहिली. सुबक आहेत. एवढी उदाहरणं कशी गं सुचतात तुला?

गोंधळाचं विचारलंस. मुलं आहेत, ओरडणारच. त्यात शिकण्यासारखं काय असणार?

तुझी वहिनी


२ सप्टेंबर

ती. वहिनी,

तुमच्याशिवाय हे कोणाला लिहू कळत नाही. गटाकडे एक निनावी पत्र आलंय. ही पानं ह्या बाईंची नाहीत, एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या कष्टावर मारलेला डल्ला आहे, असं त्यात आहे. खाली सही, "एक शिक्षिका". आमच्या संग्रहाला नियम एकच. काहीही घ्या, काहीही बदला, पण मूळ कोणाचं ते लिहा आणि तुम्ही काय बदललं तेही लिहा. तो मोडला असेल तर मी गटात राहू शकत नाही.

चौकशी होईपर्यंत पानं आणि धडे, सगळं काढून टाकलंय. संमेलनाच्या यादीतून माझं नाव गेलं. चाचणी पंधरा दिवसांवर आलीय आणि शाळांचे फोन येताहेत, पानं कुठे गेली म्हणून. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबतं. परवा एकीने मला खुर्ची दिली, तीसुद्धा आजाऱ्याला देतात तशी.

दादाला सांगू नका.

चिमणी


८ सप्टेंबर

चि. चिमणी,

वाचून वाईट वाटलं. जग असंच असतं, कोणाचं चांगलं बघवत नाही. मन घट्ट कर. पण एक मोठी म्हणून सांगते, ज्याचं नाव त्याला द्यावं माणसाने. मग असे प्रसंग येत नाहीत.

तुझ्या दादाला सांगितलेलं नाही. तो रोज तांब्याला फोन टेकवतो, धडा उघडत नाही, मग म्हणतो, "नेट गेलेलं दिसतंय." जेवण होईपर्यंत तो फोन तसाच टेकवून ठेवतो.

तुझी वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

उत्तर देता यावं म्हणून गटाने मला त्या पत्राची प्रत पाठवली. अक्षर बदलायचा चांगला प्रयत्न केलाय, सगळं डावीकडे झुकवलंय. पण पुरावा म्हणून चार उदाहरणं लिहिली आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक अपूर्णांकाची मधली रेघ पट्टीने मारलेली आहे. निनावी पत्रात पट्टी! हिशेबाच्या चिठोऱ्यावरसुद्धा अपूर्णांकाची रेघ पट्टीने मारणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी गटाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुमचं नाव का दिलं नाही तेवढं वाचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी तुमचं पहिलं पान शिकवताना एक उत्तर चुकलेलं दिसलं. खोडून नीट केलं. पुढच्या पानावर आणखी एक. मला वाटलं, घर, शाळा, बाबांचं दुखणं, वहिनींना तपासायला वेळ कुठला मिळणार. जो धडा वर्गात येईल त्याची पानं मी दुरुस्त करत गेले. पाच-सहा वर्षं हे चाललं होतं, त्यामुळे सगळ्या चुका एकत्र कधी मोजल्याच नाहीत. संग्रहात ठेवताना नियम समोर आला. तुमचं नाव लिहिलं असतं तर खाली लिहावं लागलं असतं, "मूळ पानांतली चुकलेली उत्तरं दुरुस्त केली आहेत." चारशे शाळांसमोर. एकोणतीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंबद्दल. ते माझ्याने लिहवेना. पहिल्या पत्रात सगळं सांगायचं होतं, पण ओळखीचं दिसलं तर रागवू नका एवढ्यावरच हात थांबला. नियम मी मोडलाच आहे, त्याची शिक्षा भोगीन.

आणि पट्टी दिसली म्हणून मी फार साळसूद आहे असं समजू नका. त्या चुकांबद्दल मी तुम्हाला बारा वर्षांत कधी विचारलं नाही, कारण प्रत्येक चूक सापडली की मला सुख व्हायचं. घरात काहीही अडलं की दादा म्हणायचा, "वहिनीला विचार." लग्नाआधी, मी एवढीशी असतानाही, तो मला विचारायचा, वहिनी. तुम्ही आलात आणि मला कोणी काही विचारेनासं झालं. तुमच्याही उत्तरात चुका असतात हे मला एकटीला माहीत होतं, ते मला कोणाला सांगायचं नव्हतं.

चिमणी


१९ सप्टेंबर

चिमणे,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि पुढचा तास मी घेतला नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. विज्ञानाच्या बाईला बसवलं वर्गावर.

सोबत एक जुनं पत्र जोडलंय, ४ ऑगस्टचं. ते आधी वाच, मग पुढचं.

वाचलंस? तर ते असं आहे. तू ज्यांना चुका समजलीस ते माझे लबाड. तू मला झाकत होतीस आणि मी तुला उघडं पाडत होते. मला लाज वाटते. नुसतं वाईट वाटलं असं लिहिलं तर ती पुन्हा ८ सप्टेंबरची वहिनी होईल, म्हणून लाज हाच शब्द लिहिते.

आज गटाला दुसरं पत्र टाकलंय, सरळ अक्षरात, नाव-पत्ता घालून. पहिलं पत्र मी लिहिलं होतं हे लिहिलंय. पानं मीच तुला दिली होती, ती आमच्या दोघींची आहेत आणि तू नाव का लिहिलं नाहीस, तेही लिहिलंय. तुझ्या दादालाही काल सांगितलं. त्याने उठून फोन आत ठेवला आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. ते मला लागतंय, पण चुकीचं आहे असं म्हणवत नाही.

एक मात्र अभिमानाने सांगते, रागवू नकोस. छत्तीस पानं, छत्तीस लबाड. मी ठेवला नाही असा एकही चुकीचा आकडा त्या गठ्ठ्यात नाही. घर, शाळा, बाबांचं दुखणं, सगळं सांभाळून.

वहिनी


१ ऑक्टोबर

ती. वहिनी,

चार दिवस तुमच्यावर एवढी चिडले होते की उत्तर सुरू करून तीनदा फाडलं. पंधरा दिवस मी चोर म्हणून शाळेत गेले. ते लगेच विसरेन असं वाटत नाही.

पण तुमचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशीच एका पानावरचं एक उत्तर मुद्दाम चुकवून वर्गात दार लावून घेतलं होतं आणि मुलांना सांगितलं होतं, "ह्या पानावर एक लबाड बसलाय." वहिनी, काय झालं माहितीय? शेवटच्या बाकावरच्या दोघी, ज्या वर्षभर तोंड उघडत नाहीत, त्या बाकावर उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक पळत आले. पाच-सहा वर्षं मी खोडरबर घेऊन तुमच्या पानांतला जीव काढत होते आणि त्याला दुरुस्ती म्हणत होते. हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं.

गटाचं उत्तर आलं. मला ताकीद मिळाली, पण ठेवलंय. पानं परत आली. आता वर तुमचं नाव, खाली माझं, आणि शिक्षकांसाठी वेगळं पान, लबाड कसे वापरायचे ह्याचं. संमेलनात वीस मिनिटं परत मिळाली आहेत. त्यातली दहा तुमची. नाही म्हणू नका, यादीत नाव छापून झालंय.

लबाड जागच्या जागी बसवायला मूळ गठ्ठा काढला, सुतळी तुमचीच होती अजून. एकेक करून मोजले. छत्तीस म्हणालात, मला सदतीस सापडले. एकोणिसाव्या पानावर दोन आहेत, चौथं आणि नववं उदाहरण. दोन्ही मी तेव्हा खोडली होती. त्यातला तुमचा लबाड कुठला?

तुमची,
चिमणी


६ ऑक्टोबर

चिमणे,

एकोणिसावं पान काढून बसले. चौथं उदाहरण माझा लबाड. नवव्यात पाच छेद बारा अधिक एक छेद आठ. छेद चोवीस केलाय, बरोबर. वर दहा अधिक तीन मांडलेत, तेही बरोबर. आणि उत्तर लिहिलंय अकरा छेद चोवीस. दहा आणि तीन अकरा! रेघ मात्र पट्टीने मारलेली, सरळसोट.

एकोणतीस वर्षांत हजारभर मुलांच्या हातून हे पान गेलं. कोणाला दिसलं नाही, कारण मीच सांगितलं होतं की एकच आहे. एक सापडला की पेन्सिली खाली. तुला सांगितलं नव्हतं, म्हणून तू शेवटपर्यंत तपासत गेलीस. मीही तुझ्या पानाखाली स्वतःचं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि तिथेच माझी पेन्सिल खाली ठेवली.

आज तेच पान वर्गात दिलं. चार मिनिटांत लबाड सापडला, नेहमीचा गोंधळ झाला. मी म्हटलं, "अजून एक आहे." पोरं पुन्हा पानावर वाकली. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, नववं. पण हा लबाडासारखा वाटत नाही. हा नुसताच चुकलाय. कोणी ठेवला?"

मी म्हटलं, "कोणी ठेवला नाही. ही माझी चूक आहे."

त्यावर असा काही आरडाओरडा झाला की विज्ञानाची बाई धावत आली. संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. तुझा दादा दोन घास खाऊन म्हणाला, "मग? त्या मुलीला कसं कळलं?" माझ्या वर्गाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न.

नववं उदाहरण दुरुस्त करू नकोस. अकरा छेद चोवीसच राहू दे, आणि शिक्षकांच्या पानावर लिही: एकोणिसाव्या पानावर दोन चुका आहेत, एक बाईंनी ठेवलेली, एक बाईंना न दिसलेली. दुसरी नणंदेने शोधली.

संमेलनाला येते. दहा मिनिटं पुरतील. तुझ्याबद्दलचा मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल, व्यासपीठावर तू माझ्यापेक्षा छान बोलणार हे आत्तापासून खुपतंय. पण कमी झालाय. तेरा छेद चोवीस उरला असेल. ह्या वेळी तपासून लिहिलंय.

तुझी वहिनी